वाडा की वारा: एका माहितीपटातल्या अकरा मिनिटांचं प्रकरण

हे प्रकरण एका राजकीय माहितीपटाचं आहे आणि त्यात सेन्सॉर बोर्ड कुठेही येत नाही. माहितीपटवाल्यांच्या कहाण्या बहुतेक वेळा नोटीस, बंदी आणि हायकोर्ट या तीन स्टेशनांवरून जातात. इथे गाडी अडवली ती ७८ वर्षांच्या एका म्हाताऱ्याने. त्याच्या हातात एकही कागद नव्हता. कागद आमच्याकडे होता, त्याच्याच सहीचा.

मी या फिल्मचे उतारे काढले आणि सबटायटल्स लिहिली. राहते ठाण्यात, चरईत. दिवसा कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते, रात्री हेडफोन लावून लोकांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून काढते. या प्रकरणात एक चूक माझीही आहे, ती तिच्या जागी येईल. नावं कुणाचीच देत नाही, गावाचंही नाही. दिग्दर्शकाला युनिटमध्ये सगळे ‘दादूस’ म्हणतात आणि म्हाताऱ्याला अख्खं गाव ‘तात्या’ म्हणतं, तेवढ्यावर भागेल.

दादूस

दादूस घणसोलीचा, आगरी. आजोबांची खाडीकाठी खारबांधाच्या आतली भातशेती होती. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कधी उघडायची आणि कधी बंद ठेवायची यावर त्या घराचं वर्ष चालायचं. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. दादूसच्या वडिलांच्या हाती नांगर आलाच नाही. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा दादूस सहा वर्षांचा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४, पाच हुतात्मे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. दादूसला यातलं काहीच आठवत नाही. आजोबा रात्री घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती आणि दुसरी कुठे गेली हे आजीने विचारलं नाही, एवढंच आठवतं.

कॅमेरा हातात आला तो हळदीमुळे. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. रात्रभर डीजे, अंगणात मुंगीला जागा नाही, आणि व्हिडिओवाल्याने एकही मामा, एकही आत्या सोडायची नाही. सोडली तर पैसे कापले जातात. माणूस फ्रेममध्ये यायच्या आधी तो कुठून येणार हे मला हळदीने शिकवलं, असं दादूस म्हणतो. कोपरखैरण्यात लग्नाच्या कॅसेटी एडिट करायच्या आणि सीझन नसेल तेव्हा प्रोजेक्टर भाड्याने पोचवायचे, असं त्याचं चाललं होतं.

२००४ च्या फेब्रुवारीत असाच एक प्रोजेक्टर घेऊन तो प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात गेला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय फिल्मांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यावरून तेव्हा मोठा वाद पेटला होता. माहितीपटवाल्यांनी ‘विकल्प’ नावाने आपला वेगळा महोत्सवच तिथे भरवला होता. दादूसने प्रोजेक्टर लावून निघायचं होतं. तो निघाला नाही. ‘परत आणायला संध्याकाळी यावंच लागलं असतं ना,’ हे तेव्हा मालकाला दिलेलं कारण तो अजूनही त्याच सुरात सांगतो.

तिथून आनंद पटवर्धन हे त्याचं विद्यापीठ झालं. नाव ऐकलंय पण फिल्मा पाहिल्या नाहीत अशांसाठी थोडक्यात सांगते. जन्म १९५०, काका अच्युतराव पटवर्धन ४२ च्या लढ्यातले. पहिली फिल्म १९७४ च्या बिहार आंदोलनावर, सुपर-८ च्या लहानशा कॅमेऱ्याने घेतलेली. आणीबाणी आली आणि ती लपवून ठेवावी लागली. १९८५ चा ‘हमारा शहर’ मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर. १९९२ ची ‘राम के नाम’. २००२ ची ‘जंग और अमन’. २०११ ची ‘जय भीम कॉम्रेड’. बऱ्याचशा फिल्मांना एक कोर्टाचं शेपूट. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनने दाखवावी यासाठीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००६ मध्ये दूरदर्शन हरलं. ‘जंग और अमन’ला एका टप्प्यावर २१ कट सांगितले होते, २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती एकही कट न लावता मोकळी केली.

दादूसने यातलं एकच उचललं: एकही कट नाही. स्वतःच्या दोन छोट्या फिल्मांमध्ये त्याने ते पाळलंही. एक गावठाणातल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांवर होती, दुसरी पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींवर. एका वस्तीत मंडपात दाखवायची ठरली तर आदल्या दिवशी १४९ ची नोटीस हातात पडली. गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस आधीच बजावतात ती नोटीस; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम आपल्याकडच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असतं. नव्या संहितेत त्याचा नंबर १६८ झालाय. दादूसने नोटिशीवर सही केली आणि फिल्म दाखवली. नोटिशीची झेरॉक्स त्याच्या भिंतीवर चौकटीत आहे.

माझं मत विचाराल तर ‘एकही कट नाही’ हा धडा त्याने चुकीच्या फिल्मवरून घेतला. ‘हमारा शहर’मध्ये एक जागा आहे. झोपडी तुटलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उलटते. तुम्ही आमचे फोटो काढून नेता, त्याने आमचं काय होणार, असा तिचा रोख. पटवर्धनांनी तो सगळा राग फिल्ममध्ये ठेवला. त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९८६ मध्ये संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या तेव्हा ते शबाना आझमींबरोबर उपोषणाला बसले. त्याच फिल्ममध्ये गाणारे मुलुंडचे शाहीर विलास घोगरे, म्हणजे आमच्या चेकनाक्याच्या पलीकडचेच, घाटकोपरच्या रमाबाई नगरात दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये आत्महत्या करून गेले. त्या मरणापासून ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होते, आणि ती पुरी व्हायला १४ वर्षं लागली. फिल्म दाखवून संपली तरी त्यातल्या माणसांशी झालेला व्यवहार संपत नाही, हे या माणसाच्या कामात जागोजागी आहे. दादूसने त्यातली कोर्टं तेवढी मोजली.

बारा मिनिटांचा कॅमेरा

नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली: वरचा ओवळा, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, वाघिवली, वाघिवलीवाडा. तात्या त्यांतल्या एका गावचे. थोडी शेती, बाकी खाडी. जिताडा, चिंबोऱ्या, निवट्या. उलव्याचा डोंगर सुरुंगांनी सपाट झाला आणि नदीचा प्रवाह वळवला गेला, पण ते २०१७ नंतर. दादूस तिथे पोचला तो २०१४ मध्ये, पॅकेजचे करार चालू असताना. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन, आणि घरं उठून वडघर-करंजाड्याकडे, ज्याला पुढे पुष्पकनगर म्हणू लागले.

बाहेरून ही लढाई सरकार विरुद्ध गाव अशी दिसते. फाइलच्या आत ती भाऊ विरुद्ध बहीण असते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्येच वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्यामुळे भूखंडाच्या प्रत्येक फाइलला बहिणींची संमती लागते, नाहीतर हक्कसोड. हक्कसोड पत्र म्हणजे बहिणीने आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून दिल्याचा नोंदवलेला दस्त. आपल्याकडे साडीचोळी देऊन तो उरकतात, जेवण घालून पनवेलच्या गाडीत बसवतात, आणि बहीण फार मागे लागली तर ‘माहेर तुटेल हां’ एवढं पुरतं. खाचर होतं तोवर त्या हिश्श्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. खाचराचा प्लॉट झाला आणि हिश्श्याला भाव आला.

त्या दिवशी तात्या ओसरीच्या पायरीवर बसले होते. मागे दाराची जुनी चौकट, अंगणात वाळत घातलेली बोक्शी, म्हणजे खाडीत मासे धरायचं जाळं. बोलणं सुरू व्हायच्या आधी दादूसने संमतीपत्रावर सही घेतली. मराठीत, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवून. मी तो कागद पाहिलाय, त्यात खोट नाही. गंमत अशी की पॅकेजसाठी सिडकोला जो कागद द्यायचा त्यालाही गावात ‘संमतीपत्र’च म्हणत. तात्यांनी एका महिन्यात दोन संमतीपत्रांवर सही केली आणि दोन्ही त्यांना वाचून दाखवण्यात आली होती.

मग ते बोलले. आधी खाडीबद्दल, मग डोंगराबद्दल, आणि मग ‘मी मरंन पन ह्या आंगन सोरनार नाय,’ जे वाक्य पोस्टरवर जायचं होतं. त्यानंतर, कोणी न विचारता, बहिणीबद्दल. नळाच्या कनेक्शनचा कागद आहे असं सांगून तिला तालुक्याला नेलं आणि हक्कसोडवर अंगठा घेतला. कागद एका दलालाने आणला होता, पण गाडीत तिच्या शेजारी तात्या स्वतः बसले होते. तिला कळलं ते दोन महिन्यांनी, दुसऱ्या कोणाकडून. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही. हे सांगताना तात्यांचा आवाज कुठेही चढत नाही किंवा भिजत नाही. ते एक वाळलेली काडी मोडत असतात, तुकडे पायरीवर एका ओळीत लावतात, आणि बोलणं थांबलं की ते तुकडे हाताने खाली लोटतात.

शॉट ११ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. तात्या थांबले म्हणून तो संपत नाही. त्या काळातला डीएसएलआर कॅमेरा एका फाइलमध्ये ४ जीबीच्या वर जात नसे, बारा मिनिटांच्या आत आपला आपण बंद पडायचा. आवाज मात्र वेगळ्या झूम रेकॉर्डरवर चालू होता. ही तांत्रिक बाब लक्षात ठेवा.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते. आगरी बोलीत ‘ड’चा बऱ्याचदा ‘र’ होतो. गाडीची गारी, सोडणारचं सोरनार. तात्या एका जागी म्हणतात, ‘आमचा वारा गेला.’ मी कोकणस्थ घरातली. मी बिनदिक्कत लिहिलं, आमचा वारा गेला. डोंगर गेला की वारा जाणारच, मला ते फार काव्यमय वाटलं होतं. त्यांना म्हणायचं होतं वाडा, गुरांचा वाडा. ही चूक पकडली जाईपर्यंत अकरा वर्षं गेली.

पार्किंगमधला पडदा

२०२१ च्या जून महिन्यात विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून आधी मानवी साखळी झाली, मग २४ तारखेला सिडकोवर मोर्चा गेला. दादूसने दोन्ही चित्रित केलं आणि त्याला शेवट सापडल्यासारखं वाटलं. हळदीच्या कमाईतून हार्डडिस्का, हार्डडिस्कांतून एडिट, असं करत २०२४ च्या अखेरीस ९६ मिनिटांची कच्ची प्रत तयार झाली. तिचा तिसरा भाग पूर्ण हक्कसोडवर होता आणि तो सगळा तात्यांच्या त्या शॉटवर उभा होता.

बाहेर कुठे पाठवायच्या आधी ज्यांची फिल्म आहे त्यांना दाखवायची, हा दादूसचा नियम. पहिल्या दोन्ही फिल्मांना तो लाभला होता. जानेवारी २०२५ मध्ये तात्यांच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधली. चार मजल्यांची इमारत, वरचे फ्लॅट बिल्डरच्या वाट्याचे, खाली तात्यांचा मुलगा; त्याचे दोन डंपर विमानतळाच्या भरावाला लागले होते. साठेक माणसं जमली. सुरुवातीला हशा, ओळखीचं कोणी दिसलं की शिट्टी. ‘वारा गेला’ची पाटी खाली आली तेव्हा एक पोरगा ओरडला, ‘वारा नाय, वाडा!’ आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. तिसरा भाग सुरू झाला तसं हसणं बंद झालं. तात्या मधल्या खुर्चीवर होते. ते उठले आणि प्रोजेक्टरच्या उजेडासमोरून चालत जिन्याकडे गेले. त्यांची सावली पडद्यावरच्या त्यांच्याच तोंडावरून गेली.

त्यांचं म्हणणं दुसऱ्या दिवशी मुलाने फोनवर सांगितलं. आंगणाचं ठेवा, खाडीचं ठेवा, बहिणीचं काढा. कारण सरळ होतं. बहीण गेल्या गणपतीपासून पुन्हा येऊ लागली होती. दहा वर्षांनी. त्या रात्री ती पार्किंगमध्ये नव्हती, एवढं नशीब.

मिसळीवरचं भांडण

पुढचे दोन महिने आम्ही यावर भांडलो. दादूस, एडिटर आणि मी. बहुतेक भांडणं मामलेदारच्या मिसळीवर झाली, त्यामुळे डोळ्यांत पाणी कशाने आलं हे सांगणं कठीण.

दादूसचं म्हणणं पक्कं होतं. कागद आहे. माणूस शुद्धीवर होता, वाचून दाखवलं होतं. उद्या एखाद्या मंत्र्याने भाषण काढा म्हटलं तर काढशील का? आणि आज याचं काढलं तर परवा डंपरवाले येतील, मग दलाल येईल. हा मुद्दा हलका नव्हता. प्रकल्पग्रस्तांवरच्या फिल्मांमध्ये सरकार खलनायक असणं सोपं असतं. गावाने गावाशी, भावाने बहिणीशी काय केलं ते कोणी आपण होऊन सांगत नाही. इथे एकाने सांगितलं होतं. एडिटर म्हणाला, तोंड धूसर करू. पण दहा गावांत ती चौकट आणि ती बोक्शी कोणाची हे सगळ्यांना माहीत. ओळखीच्या लोकांत तोंड झाकून काही झाकत नाही.

ओळखीच्या वकिलाने सांगितलं की संमतीपत्र टिकेल, पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तेव्हा कोणी गेलंच कोर्टात तर वाद उभा राहील. दादूस म्हणाला, जाऊ दे ना कोर्टात. त्याला कोर्ट ओळखीचं वाटत होतं. तात्या कोर्टात जाणार नव्हते, पंचांकडे नाही, पोलिसांकडे नाही. ते फक्त नको म्हणत होते आणि त्या नकोविरुद्ध अपील कुठे करायचं हे दादूसला कळत नव्हतं.

मी कोणाच्या बाजूने होते? शॉट ठेवावा याच बाजूने. दिवसभर कोर्टाचे कागद बघणाऱ्या बाईला सहीचा आदर असतो. शिवाय तो शॉट फार चांगला होता. ही गोष्ट असल्या चर्चेत कोणी कबूल करत नाही, पण ती सगळ्यांच्या मनात असते.

चौदावं मिनिट

वारा-वाड्याची चूक दुरुस्त करायची म्हणून मार्चमध्ये मी मूळ आवाज पुन्हा काढला. सबटायटल्स एडिट केलेल्या फिल्मवरून होतात, पण मला तात्यांचा तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकायचा होता. ऐकता ऐकता ११ मिनिटं ४० सेकंद उलटून गेले आणि फाइल चालूच राहिली. कॅमेरा थांबला होता, रेकॉर्डर नव्हता.

दादूस बॅटरी, कार्ड असलं काही बडबडतोय. भांड्याचा आवाज. मग चौदाव्या मिनिटाला तात्या, हळू आवाजात, जवळून: ‘ह्या भावकीचा हाय रं. ह्या बाहेर दाखवू नको.’ दादूस ‘हां हां’ म्हणतो. तो ‘हां हां’ कार्ड बदलणाऱ्या माणसाचा आहे, ऐकणाऱ्याचा नाही.

मी माझ्या २०१४ च्या उताऱ्याची फाइल उघडली. तिथे माझ्याच हातचं लिहिलेलं होतं: ‘कॅमेरा बंद. इतर बोलणं.’ पुढे काही नाही. म्हणजे मी तेव्हा हे ऐकलं होतं. चित्र नसलेला आवाज उतरवायचे पैसे मिळत नाहीत, म्हणून सोडून दिलं होतं.

दोन दिवस मी कोणालाच काही बोलले नाही, हेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी दादूसला फाइल पाठवली. त्याचा फोन आला नाही. आठवड्याने आला तो एवढंच म्हणायला, ‘ताई, रविवारी करंजाड्याला येशील का?’

तिसरी व्यक्ती

लिफ्ट बंद होती. तात्या घरात एकटे असतील असं वाटलं होतं, पण बहीण आलेली होती. सत्तरीतली, खुरटी, नाकात चमकी. खाली बसून सुकट निवडत होती. मला म्हणाली, ‘बस बाय.’ आम्ही चहा घेतला. बहिणीसमोर दादूसला विषय काढता येईना आणि तात्या तर भिंतीकडे बघत होते. पाऊण तास विमानतळावर गप्पा झाल्या. निघताना जिन्यात तात्या आमच्याबरोबर खाली उतरले आणि दादूसने त्यांना एका पायरीवर थांबवून सांगितलं की काढतो. कारण विचारलं नाही, दिलंही नाही.

परतताना ठाण्याच्या गाडीत मला एक गोष्ट सुचली आणि ती तेव्हापासून सुटत नाही. दोन महिने आम्ही तात्यांची संमती आहे की नाही यावर भांडलो. अंगठा जिचा घेतला गेला तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिला फसवून एक कागद झाला, आणि त्या कागदावर आम्ही तिला न विचारता एक फिल्म केली. दादूसला हे सांगितलं तर तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, ‘विचारलं असतं तर तिला तेव्हाच कळलं असतं की भावाने जगाला सांगितलं.’ हेही खरंच. आमच्या कागदात अशा माणसासाठी रकाना नव्हता.

जे केलं ते

पूर्ण शॉट गेला. आंगणाचं वाक्यसुद्धा, कारण ते ठेवलं तर बाकीचं का नाही याचा माग निघाला असता. पोस्टर बदललं. तिसरा भाग कोसळला तो दादूसने कागदांवर उभा केला: माहिती अधिकारात मागवलेली उत्तरं, नावं काळी केलेले फेरफार, आणि हक्कसोडच्या नोंदींचे उतारे एकापाठोपाठ एक, तारखा जवळजवळ येत जाणाऱ्या. सोबत दुसऱ्या गावांतल्या तीन बहिणींचे आवाज, तोंड न दाखवता. यावेळी संमती दोनदा घेतली, बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर, आणि दुसरी घेताना रेकॉर्डर बंद करून टेबलावर ठेवला. फिल्म ८८ मिनिटांची झाली.

प्रमाणपत्राचा अर्ज अजून गेलेला नाही. ते झालं तर त्याची वेगळी कहाणी होईल. पूर्वी बोर्डाविरुद्ध आधी अपील न्यायाधिकरणाकडे जाता यायचं, ते २०२१ मध्ये मोडीत निघालं. आता थेट हायकोर्ट. हळदीच्या पैशावर फिल्म करणाऱ्याला हायकोर्ट म्हणजे किती हळदी, हे दादूसने मोजून ठेवलंय.

फिल्म आधीपेक्षा कमजोर झाली असं माझं मत आहे. कागद पुरावा देतात, पण काडी मोडत नाहीत. दादूसला हे मान्य नाही. तो म्हणतो, एका माणसाच्या कबुलीने बघणाऱ्याला सुटका मिळत होती, की हा एकच भाऊ असा. आता तारखांची रांग बघून प्रत्येकाला आपलं घर आठवतं. असेलही. दुसऱ्या दाखवण्यानंतर दोन पुरुष हॉलमध्ये न थांबता निघून गेले हे मीही पाहिलं. पण तो शॉट मी पाहिलाय आणि त्यांनी नाही, त्यामुळे आमची तुलनाच होऊ शकत नाही.

मूळ फाइल दादूसच्या कपाटात आहे. त्यासोबत नवा कागद आहे, माझ्या हातचा, तात्या आणि बहीण दोघांनी हो म्हटल्याशिवाय वापरायची नाही असा. तात्यांची सही आहे. बहिणीच्या सहीची जागा रिकामी आहे, कारण ती भरायची तर तिला सगळं सांगावं लागेल.

२५ डिसेंबर २०२५ ला विमानतळावरून विमानं उडू लागली. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी तात्यांच्या नातवाचा मला फोन आला. दादूसने आजोबांना त्या शॉटची कॉपी पेन ड्राइव्हवर दिली होती, ती टीव्हीवर चालत नव्हती. आजोबांनी आणखी एक सांगितलं होतं: आवाज काढून द्या. मी फाइल टीव्हीला चालेल अशी करून घेतली, आवाज काढला आणि रविवारी नेऊन दिली.

बहीण होतीच. दोघं पलंगावर शेजारी बसून बघत होते. टीव्हीवर तात्या मुक्याने बोलत होते, काडी मोडत होते, तुकडे ओळीत लावत होते. पलंगावरचे तात्या त्याकडे बघतही नव्हते. त्यांचं लक्ष मागे होतं, चौकटीकडे, अंगणातल्या दोरीकडे.

‘ती बोक्शी कोनी नेली रं?’ त्यांनी मुलाला विचारलं. मुलाला माहीत नव्हतं. घर पाडलं त्या दिवशी सामान कोणी कोणी उचललं याची त्याने आठवण काढायचा प्रयत्न केला. नातवाने विचारलं, बोक्शी म्हणजे कोणती ती.

‘मीच नेली,’ बहीण म्हणाली, टीव्हीवरची नजर न काढता.